मेल्याची वस्त्रे, लोखंडाचे दागिने

इंडस्ट्रियल गॉथ नावाचे एक संगीत जगात आहे आणि आपल्या वस्त्यांतील काही मुले ते रात्ररात्र ऐकतात, हे मला गेल्या २५ डिसेंबरपर्यंत ठाऊक नव्हते. मनुस्मृती दहनाच्या दिवसानिमित्त महाडला जाणे दरवर्षीचे, आणि परतताना पनवेलला बहिणीकडे मुक्काम हाही दरवर्षीचाच. अक्काचे घर तळोज्याला, सिडकोच्या इमारतीत. संध्याकाळी पोहोचलो तर भाचा दारातच म्हणाला, "मामा, हातपाय धुवा, जेवा आणि वर चला. आज कॉन्सर्ट आहे."

कॉन्सर्ट म्हटल्यावर माझ्या डोळ्यांसमोर नेरूळचे स्टेडियम आले. २०१९ च्या डिसेंबरात तेथे यू-टू येऊन गेले, २०२५ च्या जानेवारीत कोल्डप्ले. तिकिटांचे काळ्या बाजारातील भाव आपण वर्तमानपत्रांत वाचले आणि पान उलटले. ती आपली दुनिया नव्हे असे मानून मोकळे व्हायची आपल्याला सवय आहे. पण भाच्याची कॉन्सर्ट इमारतीच्या गच्चीवर होती. पाण्याच्या टाकीला पांढरी चादर बांधलेली, कोणाकडून तरी मागून आणलेला प्रोजेक्टर, आणि दोन मोठे स्पीकर. हे स्पीकर जयंती मंडळाचे. चौदा एप्रिलला जे भीमगीतांनी थरारतात तेच. प्रेक्षक म्हणाल तर दहाबारा मुलेमुली, बहुतेक एमआयडीसीत कंत्राटावर काम करणारी किंवा डिप्लोमा करून काम शोधणारी, खालच्या मजल्यावरचे तात्या, आणि मी. पडद्यावर परदेशांतील कार्यक्रमांच्या फिल्मा दाखवायच्या आणि त्या अशा ऐकायच्या की जणू आपण तेथेच उभे आहोत, एवढीच ह्या कॉन्सर्टची व्याख्या. मला ती पटली. आपल्याकडे जलसा पाहिला नाही अशा पिढीनेही जलसा असाच, ऐकीव ऐकून, आपला केला आहे.

आधी नावाचा उलगडा करतो, कारण नावातच निम्मे प्रकरण आहे. 'गॉथिक' म्हटले की आपल्याला बोरीबंदर आठवते, मुंबई विद्यापीठाचा राजाबाई टॉवर आठवतो. टोकदार कमानी, भिंतीतून डोकावणारे दगडी प्राणी. पण मुळात गॉथ ही युरोपातील एक टोळी. इसवी सन ४१० मध्ये ह्या टोळीतील लोकांनी रोम लुटले. पुढे हजारएक वर्षांनी इटलीतल्या अभिजनांना मध्ययुगीन इमारती नकोशा झाल्या तेव्हा त्यांनी त्या शैलीला 'गॉथिक' म्हटले. म्हणजे रानटी, असंस्कृत, आमची नव्हे ती. शिवी म्हणून दिलेला शब्द. नंतर तीच शिवी शैलीचे मानाचे नाव झाली. आणि १९७९ नंतर इंग्लंडमधल्या काळे कपडे घालणाऱ्या, चेहरा पांढराफटक रंगवणाऱ्या, मृत्यूची गाणी म्हणणाऱ्या तरुणांना ती चिकटली. बाउहाउस नावाच्या गटाचे बेला लुगोसीवरचे गाणे त्या साली आले. १९८२ मध्ये लंडनच्या सोहो भागात बॅटकेव्ह हा क्लब निघाला. आपल्या वाचकांना ह्यात काही ओळखीचे वाटेल. दुसऱ्याने तुच्छतेने दिलेला शब्द उचलून त्याचेच निशाण करायचे, हा मार्ग आपणही चाललो आहोत. फरक एवढाच की इंग्लंडमधला गॉथ घरी जाऊन चेहरा धुतो.

ह्या फरकावरच त्या रात्री गच्चीवर पहिला वाद पेटला, आणि तो पेटवला अक्काने.

भाच्याच्या अंगात काळा शर्ट, काळी विजार, बोटांत लोखंडी अंगठ्या, मनगटावर साखळी. अक्का चहाची किटली घेऊन वर आली, पोराकडे पाहिले आणि मला म्हणाली, "बघ रे दादा, कसा मेल्याचे कपडे घालून बसलाय." अक्काने हे सहज म्हटले. तिने मनुस्मृती वाचलेली नाही. पण मी त्याच दिवशी महाडच्या चवदार तळ्यावरून आलो होतो आणि माझ्या अंगावर काटा आला. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळाने कसे राहावे ह्याची आज्ञा आहे. गावाबाहेर राहावे, फुटक्या भांड्यात जेवावे, प्रेतांवरची वस्त्रे नेसावी, लोखंडाचे दागिने घालावे. काळ्या कपड्यातील ह्या फॅशनची यादी करायला कोणी बसला असता तर त्याने वेगळे काय लिहिले असते? मनूने दंड म्हणून जो पोशाख ठरवला तो पाश्चात्त्य तरुणाने हौस म्हणून शिवून घेतला, दुकानात मांडला, आणि तो फिरत फिरत तळोज्यात, चांडाळाच्याच वारसाच्या अंगावर येऊन बसला.

हा ग्रंथ ज्या महाडात २५ डिसेंबर १९२७ रोजी जाळला ते महाड आणि हे पनवेल एकाच जिल्ह्यातले. तेव्हा त्याचे नाव कुलाबा होते. आणि त्याच महाड परिषदेच्या वेळी बाबासाहेबांनी आपल्या बायाबापड्यांना सांगितले होते की ज्या लुगडे नेसण्यावरून, ज्या कथलाच्या-चांदीच्या दागिन्यांच्या ओझ्यावरून तुम्ही अस्पृश्य म्हणून ओळखल्या जाता ते टाकून द्या. पोशाख हा आपल्या चळवळीत कधीच किरकोळ विषय नव्हता. बाबासाहेबांचा कोट-टाय आपण पुतळ्यातसुद्धा उतरवू दिला नाही. १९५६ साली नागपूरला दीक्षाभूमीवर पांढऱ्या वस्त्रांचा जो सागर जमला, ती पांढरी साडी मिळवायला कोणी काय विकले त्याच्या कहाण्या आपल्या आत्मकथनांत विखुरल्या आहेत. आपला प्रवास मेल्याच्या वस्त्रापासून धुतलेल्या वस्त्रापर्यंतचा. मग हा पोरगा उलटा का चालला?

मी त्याला हे असेच विचारले. थोडे भाषणच झाले म्हणा ना. त्याने ते ऐकून घेतले आणि म्हणाला, "मामा, मनूने घाला म्हटलं म्हणून आजोबांनी घातलं. मला कोणी घाल म्हटलेलं नाही. उलट आई रोज नको म्हणते, कंपनीतला एचआर नको म्हणतो. मी काय घालायचं हे मी ठरवलं, एवढं तरी मोजा की."

निवडीचा हा मुद्दा मी मोजतो. परंतु पुरता मोजत नाही. ज्याला निवड आहे त्याच्याच अंगावर मरणाचा पोशाख शोभिवंत दिसतो, आणि भाच्याला ती निवड किती आहे ह्याची मला शंका आहे. शिफ्टला जाताना तो कंपनीचा निळा युनिफॉर्म घालतो, त्यावर छापलेले नाव कंत्राटदाराचे असते. त्याची निवड रात्री दहा ते पहाटे पाचपर्यंतची. हे मी बोललो नाही. चहा निवत होता.

मृत्यूशी ह्या संगीताचे जे लडिवाळ नाते आहे त्याविषयी मात्र मला कठोर बोलले पाहिजे. इंडस्ट्रियल हे नाव ज्यांनी रूढ केले त्या लंडनच्या थ्रॉबिंग ग्रिसल गटाने १९७६ साली इंडस्ट्रियल रेकॉर्ड्स ही आपली कंपनी काढली. औद्योगिक माणसांसाठी औद्योगिक संगीत, असे तिचे घोषवाक्य. हॅकनेतल्या आपल्या तालमीच्या जागेला त्यांनी 'मृत्यूचा कारखाना' म्हटले. आणि कंपनीचे बोधचिन्ह म्हणून छायाचित्र कोणते घेतले? औश्वित्झच्या छळछावणीतील दाहगृहाचे. त्यांचे समर्थक सांगतात की आधुनिक कारखानदारीचे अंतिम टोक म्हणजे ती छावणी, हे त्यांना दाखवायचे होते. विचार म्हणून हे वाक्य खोटे नाही. पण ज्यांची माणसे त्या धुरात गेली त्यांना विचारायचे सुचले नाही, आणि दुसऱ्याचे सरण आपल्या रेकॉर्डच्या वेष्टणावर छापताना हात अडखळला नाही. धक्का देण्यासाठी धक्का, हा पांढरपेशा कलावंताचा जुना खेळ आहे. आपल्याकडेही दलितांच्या दुःखाची चित्रे दिवाणखान्यात लावणारे आहेत. ते लंडनला गेले असते तर ह्या कंपनीत चालले असते.

आणि मरणाशी सलगीच म्हणाल तर तिचा अनुभव कोणाला अधिक? गावात कोणी मेले की परगावी सांगावा घेऊन कोण पळत होते? सरणाची लाकडे कोण वाहत होते? मेलेले ढोर कोण ओढत होते, आणि त्याच्या कातड्याच्या वाद्यावर सणासुदीला ठेका कोण धरत होते? महारकीच्या आणि मांगकीच्या कामांत मृत्यू हा विषय नव्हता, वतन होते. त्याला काव्य नव्हते, वास होता. तात्या मूळचे खाली दक्षिण रायगडातले. त्यांचे वडील गावच्या खालूबाजात ढोल वाजवत. धर्मांतरानंतर त्यांनी ढोल टाकला तो टाकलाच, आणि पुढे कित्येक वर्षे गावाने त्या एका गोष्टीचा राग धरला. मूर्तिपूजा सोडल्याचा राग गावाला तितका नव्हता, ढोल सोडल्याचा होता! वाजवणारा नाही म्हणतो तेव्हा ऐकणाऱ्याची सत्ता कशी उघडी पडते, हे आपल्या संगीतसमीक्षेने कधी लिहिले नाही. ती राग आणि घराणी मोजत बसली.

असो. पडद्याकडे वळतो.

भाच्याने प्रथम लावली ती आइनस्टुर्त्सेंडे नॉयबाउटेन ह्या पश्चिम बर्लिनच्या गटाची फिल्म. नावाचा अर्थ कोसळत्या नव्या इमारती. १९८० साली हा गट उभा राहिला तेव्हा वाद्ये घ्यायला ह्यांच्याकडे पैसे नव्हते असे सांगतात. भंगारातले पत्रे, स्प्रिंगा, पाइप, ड्रिल हीच वाद्ये. सोगो इशी ह्या जपानी दिग्दर्शकाने १९८० च्या दशकाच्या मध्यास टोकियोतल्या एका पडीक लोखंड कारखान्यात त्यांना वाजवताना टिपले. फिल्मचे नाव 'अर्धा माणूस'. नाव ऐकून तात्या हसले. तात्यांनी एका प्रेस-शॉपमध्ये बावीस वर्षे काढली आहेत. डावा कान पुरता गेला आहे, उजवा निम्मा. आवाजाने येणारा बहिरेपणा १९४८ च्या फॅक्टरी ॲक्टच्या तिसऱ्या अनुसूचीत व्यवसायजन्य रोग म्हणून नोंदला गेला होता. कायद्यात तो रोग होता आणि तात्यांच्या कागदपत्रांत तो नव्हता, कारण ज्या वर्कशॉपात ते होते तेथे त्यांची नोंदच दरवर्षी नव्या कंत्राटदाराच्या नावाने व्हायची. कान कोणत्या वर्षी गेला, हे कोणत्या कंत्राटदाराला विचारणार?

फिल्म सुरू झाली. गंजलेल्या खांबांमधून धूर, त्यात बारीक अंगाची, भुकेल्या डोळ्यांची ती पाचजणे, पत्र्यावर हातोडा. मी प्रामाणिकपणे सांगतो, पहिली पाच मिनिटे मला उठून जावेसे वाटले. नंतर काहीतरी पकडीत आले. गोंगाटाला आकार आहे. ड्रिल सुरू होते तेव्हा इतर सारे थांबते, आणि ते थांबणेच खरे वाद्य आहे. मुख्य गायक ब्लिक्सा बार्गेल्ड किंकाळी फोडतो ती गळ्यातून येत नाही, लोखंड लोखंडावर घासल्यासारखी येते. माणसाने यंत्राचा आवाज काढावा आणि यंत्राने माणसाचा, अशी अदलाबदल. ह्याच गटातील मंडळींनी १९८४ च्या जानेवारीत लंडनच्या एका कलासंस्थेत मंचच ड्रिलने फोडायला घेतला, तेव्हा व्यवस्थापकांनी कार्यक्रम थांबवला आणि प्रेक्षकांनी दंगा केला. कलेच्या इतिहासात आता ती रात्र मानाने सांगितली जाते.

नेमक्या ह्याच जागी घड्याळात दहा वाजले आणि भाच्याने आवाज कमी केला. ध्वनिप्रदूषणाचा नियम. २००० सालच्या नियमांनुसार रहिवासी भागात रात्री ४५ डेसिबल, औद्योगिक भागात ७०. आमची इमारत रहिवासी भागात; समोर रस्त्यापलीकडे एमआयडीसी. रात्री दहानंतर आमच्या स्पीकरने ४५ च्या आत राहायचे, आणि पलीकडच्या ब्लोअरने ७० पर्यंत गायचे, असा हा जुगलबंदीचा कायदा. आवाज खाली गेला तशी ती पलीकडची घरघर वर आली आणि कोसळत्या इमारतींच्या ड्रिलमध्ये मिसळून गेली. कोठले बर्लिन आणि कोठले तळोजे हे काही क्षण कळेना. त्याच वाऱ्यावर तो वास. २०१७ च्या ऑगस्टमध्ये ह्याच परिसरात कासाडी नदीच्या पाण्यात सोडलेल्या रंगाने भटकी कुत्री निळी झाली होती, जगभर त्यांचे फोटो गेले. कोणत्याही गॉथ कलावंताला असे दृश्य सुचले नसते. नदीकाठच्या माणसांच्या अंगात काय गेले त्याचा फोटो निघत नाही.

आता मुख्य प्रश्न. हे संगीत कारखान्याचे म्हणवते. मग त्यात कामगार कोठे आहे?

बहुतेक ठिकाणी तो नाही, आणि ह्याला कारण आहे. ह्या संगीताचा काळ पाहा. ब्रिटनमधील जुनी कारखानदारी मोडकळीस आली, शेफील्डच्या पोलादाच्या भट्ट्या विझू लागल्या, तेव्हा हे संगीत जन्मले. कामगार बाहेर पडला आणि कलावंत आत आला. रिकाम्या शेडमध्ये घुमतो चांगले. आपल्याकडेही हे घडले, फक्त संगीताचे नाव वेगळे. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर आले, ते कधी आत गेलेच नाहीत. २००७ मध्ये लोअर परळच्या मथुरादास मिलच्या आवारात ब्लू फ्रॉग नावाचा संगीताचा क्लब निघाला आणि २०१६ पर्यंत चालला. देशोदेशीचे इलेक्ट्रॉनिक वादक तेथे वाजवून गेले. शेजारच्या कमला मिल्सच्या आवारातल्या पबला २९ डिसेंबर २०१७ च्या पहाटे आग लागून चौदाजण मेले. गिरणीच्या जमिनीवर नाचणाऱ्यांना त्या जमिनीच्या मालकीचा इतिहास कोणी सांगत नाही. भोंगा गेला, भोंग्याची नक्कल राहिली.

पण येथे मी आपल्याही लोकांना एक गोष्ट आठवून देतो. गिरणीच्या आवाजाविषयी हळवे होणाऱ्या मार्क्सवादी मित्रांना ती फारशी आवडत नाही. गिरणीतला आवाजसुद्धा सर्वांना सारखा खुला नव्हता. सर्वांत कर्णकर्कश खाते विणाईचे, आणि पगारही तेथेच बरा. त्या खात्यात अस्पृश्याला प्रवेश नव्हता, कारण धोटा भरताना धागा तोंडाने ओढावा लागे आणि उष्ट्याचा विटाळ होई. १९२८-२९ च्या संपकाळात बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे मांडला होता. मागांचा खडखडाट ऐकून बहिरे होण्याचाही हक्क आपल्याला मागावा लागला, ही विटंबना कोणत्या वाद्यावर वाजवणार? यंत्र जात मानत नाही हे खरे, पण यंत्राजवळ कोणाला उभे करायचे हे ठरवणारा मानतो. आजही पाहा. कळंबोलीच्या लोखंड बाजारात पट्ट्या उतरवताना जो नाद उठतो तो नॉयबाउटेनने ऐकला असता तर बर्लिनला परत गेले नसते. तो नाद खांद्यावर घेणारे कोठले आणि कोणत्या जातींचे, हे एकदा जाऊन पाहावे.

ह्या साऱ्यात एक गट मला आदराने बाजूला काढावासा वाटतो. टेस्ट डेप्ट. दक्षिण लंडनमधील न्यू क्रॉसची ही पोरे, १९८१ पासून भंगारावर वाजवणारी. त्यांचे वादन म्हणजे जवळजवळ कवायत: उघडी अंगे, पत्र्याची पिंपे, आणि न थकणारा एकच ठोका. १९८४-८५ मध्ये थॅचरबाईंच्या सरकारने खाणकामगारांचा वर्षभराचा संप चिरडत आणला तेव्हा हे गावोगाव फिरले, आणि दक्षिण वेल्समधल्या संपकरी खाणकामगारांच्या गायकवृंदाला बरोबर घेऊन 'शोल्डर टू शोल्डर' ही रेकॉर्ड त्यांनी १९८५ मध्ये काढली. एका बाजूला भंगाराचा दणदणाट, दुसऱ्या बाजूला चर्चच्या परंपरेतले संथ, भारदस्त समूहगान. दोन्ही एकमेकांत विरघळत नाहीत. विरघळवण्याचा प्रयत्नही केलेला नाही. भाच्याने ती लावली तेव्हा गच्चीवर प्रथमच सर्वजण गप्प झाले. कामगारांचे आवाज कामगारांच्याच तोंडून आले, कलावंताने फक्त शेजारी उभे राहून लोखंड वाजवले. मला अमर शेख, अण्णाभाऊ साठे आणि गवाणकरांचे लाल बावटा कलापथक आठवले, भीमराव कर्डकांचा जलसा आठवला. तेथे वाद्ये साधी होती, डफ आणि तुणतुणे, पण गाणारा आणि ज्याच्यासाठी गायचे तो एकाच चाळीतला होता. टेस्ट डेप्टची पोरे खाणीतली नव्हती; आपण खाणीतले नाही हे त्यांनी लपवले नाही, ह्यात त्यांचा प्रामाणिकपणा.

ह्याहून पुढची पायरी अमेरिकेत डेट्रॉइटला गाठली गेली. मोटारींच्या त्या शहरातील हुआन ॲटकिन्स, डेरिक मे, केव्हिन सॉन्डरसन ह्या काळ्या तरुणांनी १९८० च्या दशकात यंत्रांतूनच टेक्नो हे संगीत घडवले. आपल्या चळवळीने १९७२ साली ब्लॅक पँथरांकडून नाव घेतले, त्यांचे साहित्य वाचले. त्यांच्या भावंडांचे हे यंत्रसंगीत मात्र आपल्या नियतकालिकांपर्यंत आले नाही. दोष आपला. आपली समीक्षा शब्दापाशी थांबली. त्याच १९७२ साली 'गोलपिठा' आला तेव्हा प्रस्थापित समीक्षेला त्यात गोंगाट ऐकू आला होता, हे आपण विसरलेलो नाही. तो गोंगाट नसून भाषा आहे हे पटवण्यात आपली दोन दशके गेली. आणि आज जयंतीच्या डीजेला, बँजो पार्टीला आपलेच प्राध्यापक गोंगाट म्हणतात. मीही म्हटले आहे, हे कबूल करतो.

साडेदहाच्या सुमारास भाचा म्हणाला, "आता एक आपलं." त्याने स्वतः केलेली नऊ मिनिटांची रचना. तो एका कारखान्यात क्वालिटी विभागात कंत्राटावर आहे. तेथील आवाज त्याने महिनाभर फोनवर टिपले होते आणि जुन्या लॅपटॉपवर जुळवले होते. सुरुवातीला हवेच्या नळीचा लांब फूत्कार. मग क्रेनची कुरकुर, आणि खालून पॉवर प्रेसचा ठोका. ठक्. थोडी जागा. ठक्. थोडी जागा. मध्येच, अपेक्षा नसताना, ठक्‌ठक्. ह्या चुकलेल्या जोडठोक्यावर त्याने सारी रचना तोलली होती. तो आला की बाकीचे आवाज थबकायचे आणि नव्या अंगाने सुरू व्हायचे. मला हे फार आवडले. मी खिशातल्या वहीत टिपलेसुद्धा: 'लयीचा भंग हाच येथे नकाराचा उच्चार.' टिपण बरे जमले होते.

तात्या उजवा कान स्पीकरला लावून बसले होते. रचना संपली, मुलांनी टाळ्या वाजवल्या. तात्या म्हणाले, "परत लाव."

परत लावली. तात्या बोटांवर मोजू लागले. उजव्या हाताची दोन बोटे पहिल्या पेरापाशीच संपतात, म्हणून त्यांनी डाव्या हातावर मोजले. जोडठोका आला तसे त्यांनी हात वर करून थांबवले.

"ही प्रेस दुबार मारते," ते म्हणाले.

कोणाला काही कळले नाही. तात्यांनी समजावले. पायाने पायडल एकदा दाबले की डाय एकदा खाली यायला पाहिजे आणि वर जाऊन थांबायला पाहिजे. क्लचची स्प्रिंग मेली किंवा दात झिजला की ती थांबत नाही, न दाबता पुन्हा खाली येते. तोपर्यंत माल काढायला माणसाचा हात आत गेलेला असतो. प्रत्येक वेळी येत नाही. दहा वेळा नीट येते, म्हणून माणूस विश्वासतो.

"हिच्यावर कोण बसतं?" त्यांनी विचारले.

"कॉन्ट्रॅक्टचा माणूस आहे," भाचा म्हणाला. "बिहारचा. नवीन आलाय. नाव... नाव माहीत नाही, तात्या."

"आत्ता कोणती पाळी त्याची?"

भाच्याने घड्याळ पाहिले. रात्रपाळी सुरू झाली होती. त्याने सुपरवायझरला फोन लावला, दोनदा. उचलला गेला नाही. मग तो तसाच, काळ्या शर्टात, अंगठ्या काढून खिशात टाकत जिना उतरला. तात्या त्याच्या मागे. खालून मोटारसायकलचा आवाज आला आणि एमआयडीसीच्या घरघरीत नाहीसा झाला. गच्चीवर चादरीवर प्रोजेक्टरचा रिकामा चौकोन राहिला होता. मुले कोणी काही बोलेना. अक्का वर आली, तिने कप गोळा केले. मी वहीतली ती ओळ खोडली.

रात्री दीडला दोघे परतले. गेटवरच्या वॉचमनने तात्यांना आत सोडले नाही, तासभर ते रस्त्यावर उभे होते. भाचा आत गेला, सुपरवायझरशी त्याची बाचाबाची झाली; शेवटी त्या पाळीपुरती प्रेस बंद ठेवली. सकाळच्या पाळीला ती चालू करतील की नाही हे त्याला सांगता येईना, आणि आपल्याला सोमवारी कामावर घेतील की नाही हेही. जाताना तात्यांनी त्याला बजावले होते की त्या माणसाचे नाव विचारून ये. ते त्याने विचारून आणले होते, फोनमध्ये लिहूनही घेतले होते.